कुंदा सोडायचा नाही, वजन मात्र उतरवायचंय

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय 43, उंची 165 सेंटीमीटर, वजन 84 किलो. बेळगावच्या शहापुरात कापडाचं दुकान, दिवसभर गादीवर बैठक. गेल्या खेपेला भात, भाकरी, साखर सगळं बंद करून तीन महिन्यांत 9 किलो उतरवलंत. पुढच्या वर्षभरात ते सगळं परत आलं आणि वर 2 किलो चढलं. आता रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, 6.0 म्हणजे मधुमेहाच्या सीमारेषेवर निघालीय आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. वहिनींनी बजावलंय, की तुमच्यापुरतं वेगळं काही शिजणार नाही. रविवारचं मटण आणि दूध-साखर आटवून केलेला आपला बेळगावी कुंदा तुम्हाला सोडवत नाही, आणि दोन महिन्यांवर मामाच्या गावची लक्ष्मी यात्रा आलीय. यातून काही वाट निघते का, असं तुम्ही विचारलंय.

निघते. बेळगावात आहारसल्ल्याचं काम करताना माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच असते. म्हणून पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. वजन कसं उतरवायचं हे तुम्हाला येतं, 9 किलो उतरवून दाखवलंय तुम्ही. उतरलेलं वजन तिथंच कसं राहील, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तीन महिने दात-ओठ खाऊन पाळायच्या पथ्यात सापडत नाही.

गेल्या वेळी नेमकं काय झालं ते बघू. भात-भाकरी एकदम बंद केली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, संपतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. पहिल्या पंधरवड्यात काटा झपझप खाली येतो तो बराचसा यामुळे. माणूस खूश होतो. मग चरबी खरोखर उतरायला लागते तसा वेग मंदावतो, भूक मात्र वाढत जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. ती मुलं दिवसरात्र खाण्याचंच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, आणि बंधन सुटल्यावर कितीही खाल्लं तरी त्यांचं समाधान होईना. ती काही मनानं कमकुवत माणसं नव्हती. उपाशी शरीर असंच वागतं. तुमचं पथ्य त्या मुलांइतकं कडक नव्हतं, पण दिशा तीच होती. तेव्हा "माझ्यात निग्रहच नाही" असं जे तुम्ही लिहिलंय, ते आधी डोक्यातून काढून टाका.

आता काही गोष्टी माणसागणिक बदलतात, त्या आधीच सांगायला हव्यात. तुम्ही मधुमेहाची गोळी घेत नाही, फक्त रक्तदाबाची घेता, म्हणून मी पुढचं मोकळेपणानं लिहितोय. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खाणं कमी केल्यावर साखर अचानक खाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय काहीही बदलू नये. थायरॉइड, पीसीओडी, बाळंतपणानंतरचे महिने, स्टिरॉइडची औषधं, या सगळ्यांचा हिशोब निराळा. तुमचंही वजन उतरलं की रक्तदाबाची गोळी कमी करायची वेळ येऊ शकते, म्हणून दर महिन्याला रक्तदाब तपासा.

माझ्या पद्धतीचा गाभा असा: आवडीचं खाणं जागेवर ठेवायचं आणि जे केवळ सवयीनं, समोर आलं म्हणून पोटात जातं त्याला हात घालायचा. मी नव्या माणसाला तीन दिवस सगळं लिहून काढायला सांगतो. त्यात एक दिवस रविवार असला पाहिजे. मग त्याच यादीत, जे बंद झालं तर जीव हळहळेल अशा पदार्थांसमोर खूण करायला लावतो. कुंदा, मटण, आईच्या हातची पुरणपोळी, पावसाळ्यातली मिरची भजी, एवढ्यावरच खुणा होतात. दुकानातला चौथा चहा, गिऱ्हाइकाबरोबर तोंडात टाकलेले चिरमुरे-शेंगदाणे, रात्री "उरलाय तर घ्या की" म्हणून वाढलेला भात, यांच्यासमोर खूण केलेला माणूस मला आठवत नाही. आणि बेरीज केली की वजन वाढवणाऱ्या कॅलरी बहुतेक या बिनखुणेच्या ओळींतच निघतात. धंद्यात तुम्ही हे ओळखताच: लग्नाच्या बस्त्याचं मोठं बिल लक्षात राहतं, पण वर्षाचा ताळेबंद रोजच्या किरकोळ विक्रीवर ठरतो.

तुम्ही लिहून पाठवलेल्या दिनक्रमातूनच हिशोब करू. दुकानात पाच चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला 5 ग्रॅम धरली तर दिवसाला 50 ग्रॅम, म्हणजे 200 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेनं वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितलीय, दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्के, ती 2000 कॅलरी खाणाऱ्याला बरोबर 50 ग्रॅमच येते. तुमची मर्यादा चहातच संपते, कुंद्याला जागाच उरत नाही. चहा तीनवर आणा आणि साखर एक चमचा करा. पहिले दहा-बारा दिवस चहा पांचट लागेल, मग जीभ सरावते. आणि गूळ घालून पळवाट काढू नका. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडचे ऊसवाले लोक मला ठासून सांगतात की गुळाचा चहा चालतो. पण 100 ग्रॅम गुळात साखरेइतक्याच, पावणेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. चवीसाठी गूळ घ्या, मापात मात्र सूट नाही.

दुसरं तेल. हे ताटात दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही. महिन्याला घरात किती तेल येतं ते वहिनींना विचारा. चौघांच्या घरात 6 लिटर लागत असेल तर माणशी दिवसाला साधारण 45 ग्रॅम झालं. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या 400. बैठं काम असणाऱ्याला 25 ते 30 ग्रॅम पुरतं. चौघांना महिन्याला साडेतीन-चार लिटर. इथं वहिनींचं म्हणणं मला पूर्ण पटतं. वेगळं शिजवायचं नाहीच. सगळ्यांच्या एकाच भांड्यात तेल कमी पडलं पाहिजे, घरातल्या मुलांनाही त्याचा फायदाच. करायचं एवढंच, की महिन्याचं तेल ठरवून आणायचं, आणि फोडणीला बाटली तिरकी करण्याऐवजी चमच्यानं मोजून घालायचं. एण्णेगाईसारख्या भरल्या वांग्यांच्या भाजीला तेल लागतंच. ती महिन्यातून दोनदा नीट तेल घालून करा आणि रोजच्या वांग्या-भेंडीला हात आखडा. शेंगांची चटणी, गुरेळाची (कारळ्याची) चटणी यांत तेलबियाच आहेत, त्यावर पुन्हा कच्चं तेल ओतून घ्यायची गरज नसते, दही घाला.

तिसरं रात्रीचा भात. इथं मी जरा थांबून बोलणार आहे, कारण भातावर उगीच फार राग काढला जातो. खानापूरकडची माणसं माझ्याकडे येतात ती पिढ्यान्‌पिढ्या भातावर वाढलेली. त्यांना "भात बंद, ज्वारीची भाकरी सुरू" असं सांगणं म्हणजे दोन महिन्यांत अपयशाची तजवीज करणं. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 130 कॅलरी असतात, 65-70 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सव्वादोनशेच्या घरात. भाकरी चांगली, कारण ती चावून खावी लागते, पोट धरते, तेल लागत नाही. पण भाकरी खाल्ली म्हणून आपोआप वजन उतरत नाही, आणि तीन भाकऱ्यांवर वाटीभर भात घेतला तर मुळीच उतरत नाही. तुमची अडचण भातात नसून वेळेत आहे. दुपारी दीडला जेवता, दुकान बंद करून रात्री दहाला घरी पोचता. साडेआठ तास पोटात चहा आणि चिरमुरे. दहा वाजता ताटावर बसलेल्या माणसाला वाटीचं भान राहत नाही.

म्हणून उपाय रात्रीच्या ताटात शोधू नका, तो संध्याकाळी साडेपाचला आहे. दुकानात त्या वेळी पोटभरीचं काहीतरी खा: मूठभर फुटाणे आणि ताक, किंवा दोन उकडलेली अंडी, किंवा मडकीची (मटकीची) उसळ डब्यातून. आपल्याकडे तालुक्याच्या पश्चिम भागातल्या रताळ्यांचा हंगाम असतो तेव्हा एक मध्यम रताळं उकडून न्या. 100 ग्रॅमला 90 पेक्षा कमी कॅलरी आणि गोडाची ओढही भागते. हे खाल्लंत तर रात्री दीड भाकरी, भाजी, आमटी आणि एक वाटी भात यावर हात थांबतो. करून बघा. माझ्या पाहण्यात कुठल्याही एका बदलाचा एवढा परिणाम दुसरा नाही, दुकानदारांच्या बाबतीत तर नाहीच.

इथवरची बेरीज करू. चहाच्या साखरेतून 140, तेलातून 130 च्या पुढे, रात्री दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या भातातून दीडशेच्या आसपास. रोजच्या 400 कॅलरी कमी झाल्या आणि खूण केलेल्या एकाही पदार्थाला आपण अजून हात लावलेला नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. कागदावर महिन्याला दीड किलो येतं. प्रत्यक्षात लग्नं-सण धरून एक किलो धरा. वजन उतरतं तशी शरीराची गरजही थोडी उतरते, त्यामुळे पुढे वेग कमी होतो, तेव्हा घाबरायचं नाही.

आता कुंदा. घराघरातलं एक चित्र मी इतकं ऐकलंय की ते मला पाठ झालंय: अर्ध्या किलोचा डबा फ्रिजमध्ये, डब्यातच रुतवून ठेवलेला चमचा. पाणी प्यायला फ्रिज उघडला, एक चमचा. मुलाला दूध द्यायला उघडला, एक चमचा. रात्री झोपताना उघडला, कडेचा खरपूस थर खरवडून अजून एक. चार दिवसांत डबा रिकामा. दूध आणि साखर आटवून केलेला पदार्थ, 100 ग्रॅमला अंदाजे साडेतीनशे कॅलरी धरल्या तर अर्ध्या किलोत 1,700 च्या वर गेल्या. आणि त्या माणसाला विचारावं, कुंदा शेवटचा निवांत बसून कधी खाल्ला, तर सांगता येत नाही. ज्या पदार्थावर आपला जीव आहे त्याचं असं उभ्या-उभ्या चमचे मारणं मला खरंच बघवत नाही. तर डबा घरात ठेवायचा नाही. रविवारी जेवणानंतर खायचा असेल तर त्याच दिवशी सगळ्यांपुरता, माणशी 50 ग्रॅमच्या हिशोबानं आणा. वाटीत काढा, बसा, सावकाश खा. पाहुण्यांनी डबा आणला तर दुसऱ्या दिवशी दुकानातल्या माणसांत वाटून टाका. आठवड्याला पावणेदोनशे कॅलरीचा कुंदा तुमचं वजन वाढवू शकत नाही.

मांड्याचं गणित थोडं वेगळं. पिठीसाखरेचं सारण भरलेला, चौघडी घातलेला अख्खा मांडा हे स्वतःच एक जेवण आहे. लग्नाच्या पंगतीत तो जेवणावरून खाल्ला जातो, तिथं घोटाळा होतो. मांडा असेल त्या दिवशी पोळी आणि भात सोडा, भाजी-कोशिंबीर-मांडा-दूध असं जेवा. पुरणपोळीलाही हाच नियम: दोन पोळ्या आणि कटाची आमटी हे पूर्ण जेवण, त्यापुढचा मसालेभात पाहुण्यांना.

मटणाबद्दल तुम्ही अपराधी वाटतं म्हणून लिहिलंय, त्याचं मला आश्चर्य वाटलं. बोकडाच्या मटणात प्रथिनं भरपूर, 100 ग्रॅमला 20 च्या आसपास. तुमच्या वजनाला दिवसाला 70 ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं हवीत आणि तुमच्या तीन दिवसांच्या यादीत ती कशीबशी 45 भरली. त्यामुळे रविवारचं मटण हा तुमच्या आठवड्यातला चांगला भाग आहे. चरबी वाढवतो तो तांबड्या रश्शावरचा तवंग, आणि त्या रश्शाच्या जोरावर ओढल्या जाणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या भाकऱ्या. चार-पाच फोडी, वाटीभर रस्सा वरचा तवंग बाजूला करून, पांढरा रस्सा नारळाचा असतो म्हणून अर्धी वाटी, सोबत कांदा-काकडी भरपूर, दोन भाकऱ्या, आणि बास. बाकीच्या दिवशी प्रथिनांसाठी हुलग्याची आमटी, उसळी, पिठलं, दही, अंडी, आठवड्यात एकदा मासे. ताटात सुरुवात कोशिंबीर आणि उसळीनं करा, भाकरी नंतर, भात शेवटी. क्रम बदलला तरी प्रमाण आपोआप बदलतं.

चालण्याबद्दल थोडक्यात. आठवड्याला 150 मिनिटं झपझप चालणं हे किमान. तुम्हाला टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपोचं मैदान किंवा किल्ला तलाव, जे जवळ पडेल ते. आपल्याकडचा पाऊस जूनमध्ये धरला की महिनोन्‌महिने सोडत नाही, तेव्हा जिन्याचे चढउतार करा आणि घरात बैठका काढा. तालमीचं गाव आहे आपलं, बैठका कुणाला शिकवायला नकोत. चालण्यानं काटा फारसा हलत नाही, पण साखर ताब्यात येते आणि उतरलेलं वजन टिकतं. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

किती उतरवायचं? तुमच्या उंचीला पुस्तकी वजन 63 च्या खाली येतं; तो आकडा आज डोळ्यांसमोर ठेवू नका. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात, तुमच्यासारख्याच सीमारेषेवरच्या लोकांना 7 टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायचा असं लक्ष्य दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. तुमचे 7 टक्के म्हणजे 6 किलो. 84 वरून 78, सहा-सात महिन्यांत. मग तीन महिने तिथंच थांबायचं, अजून उतरवायला जायचं नाही. 78 वर राहून दिवाळी, लग्नसराई, पाहुणे सगळं निभावलं की पुढचं ठरवू. गेल्या वेळी हा थांबण्याचा टप्पाच नव्हता. काट्याबरोबर कमरेचं मापही घ्या, बेंबीच्या रेषेत. आपल्या पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या आत यायचंय. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, मटण शिजायच्या आधी.

राहिली यात्रा. गावच्या लक्ष्मीची यात्रा किती वर्षांनी येते ते तुम्हाला माहीत आहे, तिथं डबा घेऊन जाऊ नका. सकाळी उपाशी राहून "संध्याकाळी हाणू" असंही करू नका. नेहमीसारखा नाश्ता करून निघा. मामाच्या घरी मांडी घालून पोटभर जेवा. पुढच्या चार घरी "जेवूनच जावा ओ" म्हणून हाताला धरतील. तिथं बसा, बोला, दोन फोडी आणि रस्सा चाखा, भाकरी-भात ताटात घेऊ नका. पानात वाढलेलं टाकता येत नाही, म्हणून वाढायच्या आधीच हात आडवा करावा लागतो. दुसऱ्या दिवशी काट्यावर एक-दीड किलो जास्त दिसेल. ते मिठानं धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं. एका दिवसात दीड किलो चरबी चढायला 11,000 वर जादा कॅलरी खाव्या लागतात, तेवढ्या कुणाच्यानं खाववत नाहीत. त्या आठवड्यात काट्यावर उभे राहू नका. सोमवारी दुकानात साडेपाचचे फुटाणे आणि ताक चालू करा, आणि वजन पुढच्या रविवारी बघा.